चार बदाम आणि खिडकीजवळची कॉट

म्हैसूरच्या हिनकल भागात आमच्या पीजीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत चार कॉट होत्या. त्यांतली माझी बाथरूमच्या दाराला लागून होती. दार उघडलं की ते माझ्या उशीपाशी येऊन थांबायचं, आणि आत जाणारी प्रत्येक जण मला "सॉरी हां" म्हणायची. माझी तक्रार नव्हती. मी सगळ्यांत शेवटी आले होते, आणि शेवटी येणाऱ्याला उरलेलं मिळतं. अडचण एकच होती. त्या कॉटपाशी प्लग नव्हता.

हे कुणाला फार मोठं वाटणार नाही. पण मला पहाटे वाचायची सवय होती. आमच्या गावी, एच. डी. कोटेला, वडिलांचं पंक्चरचं दुकान आणि आमचं राहणं एकाच भिंतीच्या दोन बाजूंना आहे. दिवस उजाडला की हवा भरायचं यंत्र सुरू होतं, म्हणून शाळेचा सगळा अभ्यास मी ते सुरू व्हायच्या आत केला. म्हैसूरला कॉलेजात आले तेव्हा सवय सोबत आली, पण दिवा नव्हता. खोलीतली ट्यूबलाइट लावली तर तिघींची झोप मोडणार. मग मी पुस्तक घेऊन जिन्यात बसायचे. दूधवाला मला ओलांडून वर जायचा आणि ओलांडून खाली यायचा. शाळा कन्नड माध्यमातली, कॉलेज इंग्रजीत, त्यामुळे प्रत्येक पान दोनदा वाचावं लागायचं, आणि दुसऱ्यांदा वाचत असताना कुणीतरी पाय उचलून "जरा सर" म्हणायचं. पहिल्या इंटर्नल परीक्षेत मी दोन विषयांत नापास झाले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. नापास झाल्याचं घरी कसं सांगतात ते मला माहीत नव्हतं, म्हणून सांगितलं नाही.

खिडकीजवळची कॉट अक्काची होती. ती कोडगूची, शेवटच्या वर्षाची, आणि खोलीतली सगळ्यांत मोठी म्हणून आम्ही तिघी तिला अक्का म्हणायचो. तिच्या उशाशी प्लग होता, वर एक फळी होती आणि खिडकीतून हुणसूर रस्ता दिसायचा. एका संध्याकाळी तिने सांगितलं की बंगळूरला नोकरी लागली, महिनाअखेरीला ती जाणार. आम्ही तिचं अभिनंदन केलं आणि मग तिघींनी एकाच वेळी खिडकीकडे पाहिलं. अक्काला ते कळलं. ती हसायला लागली.

आम्ही तिघी म्हणजे मी, नाशिकची एक आणि बंगळूरची एक. बंगळूरवालीला ती कॉट हवी होती कारण फोनला रेंज तिथेच यायची. नाशिकवालीला हवी होती कारण केस वाळवायला ऊन तिथेच यायचं, आणि तिचे केस खरोखर लांब होते. मला विचारलं तेव्हा मी "मलाही चालेल" एवढंच म्हटलं. मला प्लग हवा आहे, मी नापास झाले आहे, हे त्या दोघींपुढे बोलायला जीभ रेटली नाही. आंटी, म्हणजे पीजीची मालकीण, म्हणाली की तुमचं तुम्ही बघा, कॉटच्या भांडणात मला ओढू नका.

मग अक्काने ठरवलं की याचा निकाल पत्त्यांवर लावायचा. महिन्याच्या शेवटच्या रविवारी तिघींनी बसायचं, अक्का पत्ते वाटणार, आणि जिच्यापाशी सगळे चिंचोके जमतील तिची कॉट.

पोकर आम्हाला अक्कानेच शिकवलं होतं. तिचे वडील लष्करातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, आणि त्यांच्या घरी पाऊस लागला की सगळं कुटुंब पत्ते घेऊन बसायचं. खेळ ऐकायला सोपा होता. प्रत्येकीला दोन पानं झाकून. मग मधे सगळ्यांसाठी तीन पानं उघडी, मग चौथं, मग पाचवं. स्वतःची दोन आणि मधली पाच, यांतून जिची पाच पानं सगळ्यांत भारी, ती जिंकली. दर वेळी पानं उघडली की बोली लावता येते. पुढे राहायचं तर तेवढे चिंचोके टाकायचे, नाहीतर पानं खाली ठेवायची. बोलीला मर्यादा नाही. मनात आलं तर समोरचा सगळा ढीग एकदम पुढे ढकलता येतो. दर रविवारी दुपारच्या जेवणानंतर आम्ही वीस वीस रुपये काढून पन्नास पन्नास चिंचोके घ्यायचो, आणि जिंकणारीने संध्याकाळी त्या पैशांची चुरमुरी, म्हणजे इथली चुरमुऱ्यांची सुकी भेळ, आणायची. म्हणजे हरलेल्यांच्याही पोटात काहीतरी जायचंच.

मला त्या खेळात एकच गोष्ट मनापासून आवडायची. एकाच रंगाची पाच पानं, म्हणजे फ्लश. हातात दोन बदाम आले आणि मधे आणखी दोन बदाम पडले की चार होतात आणि पाचव्याची वाट बघायची असते. ती वाट बघताना मला जे वाटायचं ते मी नीट लिहू शकणार नाही. शाळेच्या निकालाच्या दिवशी फळ्याकडे चालत जाताना वाटतं, साधारण तसं. आणि तसं वाटण्यासाठी मी कितीही चिंचोके द्यायला तयार असायचे.

नाशिकवालीने हे दुसऱ्याच रविवारी ओळखलं. ती म्हणाली, "हिच्या हातात दोन बदाम आले ना, की ही पंगतीत बसल्यासारखी मांडी घालून बसते. आता वाढा म्हणते."

बंगळूरवालीला हे कन्नडात सांगण्यात आलं आणि तिला ते इतकं आवडलं की त्यानंतर मी मांडी बदलली तरी ती पत्ते खाली ठेवायची. मी हसायचे. पण मी दर रविवारी सगळ्यांत आधी संपायचे हे खरं होतं. महिनाभरात संध्याकाळी चुरमुरी आणायला मी एकदाही गेले नाही.

नाशिकवाली माझ्याशी मराठीत बोलायची, आणि माझी मराठी हा तिचा दुसरा करमणुकीचा विषय होता. आमच्या घरची मराठी म्हणजे निम्मी कन्नड. आमचे पूर्वज म्हैसूरच्या राजांच्या घोडदळात होते असं घरात सांगतात. घोडे गेले, भाषा तेवढी राहिली, आणि तिच्यातही जे शब्द हरवले त्यांच्या जागी शेजाऱ्यांकडून आणून भरले. मी एकदा तिला म्हटलं, "सुम्मे बस की गं, अर्जंट माडू नको," म्हणजे गप्प बस, घाई करू नको. ती पाच मिनिटं हसली आणि मग स्वतःच आंटीला तसं म्हणायला लागली.

त्या महिन्यातला तिसरा रविवार माझा सगळ्यांत वाईट गेला. तीनदा माझ्यापाशी चार पानं एका रंगाची झाली, तीनदा मी शेवटपर्यंत चिंचोके टाकत गेले आणि तीनदा पाचवं आलं नाही. अर्ध्या तासात मी मोकळी झाले. चुरमुरी खाताना मला वाटलं की अशीच खेळले तर शेवटच्या रविवारी मी पहिली उठणार, आणि दुसरी इंटर्नलही जिन्यातच जाणार. ती पुढच्या महिन्याच्या सुरुवातीलाच होती.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर कपडे वाळत घालताना अक्काने मला विचारलं की तू पानं खाली का ठेवत नाहीस. तिला वाटलं होतं मला नियमच कळला नाही. कळला होता. मी तिला घरचं सांगितलं.

आमच्या घरी दिवाळीच्या पाडव्याला रमी असते. दुपारी आई, दोन्ही काकू, आत्या, शेजारच्या दोघी, सगळ्या गोल बसतात. वर्षातला तो एकच दिवस बायका दिवसाउजेडी पत्ते घेऊन बसतात आणि कुणी काही बोलत नाही. त्या दिवशी एक रीत असते. हातात आलेली पानं डाव संपायच्या आत खाली ठेवायची नाहीत. पानं कशीही असोत. पाडव्याच्या दिवशी हाती आलेलं नको म्हणणं म्हणजे लक्ष्मीला नको म्हणणं, आणि जिच्या घरी बसलो तिच्या घराला नाव ठेवणं. माझी धाकटी काकू लग्न होऊन आली त्या वर्षी तिने न समजून पानं टाकली, तर आजही तिला त्यावरून चिडवतात. आणि रमीत वाट बघायला काही पडत नाही. एकाच रंगाची दोन पानं धरून ठेवायची, आपली पाळी आली की एक उचलायचं, एक टाकायचं. तिसरं आज ना उद्या येतंच. आईच्या हाताखाली मी हेच शिकले होते की जमत आलेला रंग मोडायचा नाही.

अक्काने ओली चादर तशीच हातात धरून सगळं ऐकलं. हसली नाही. मग म्हणाली, "तुझ्या घरी वाट बघणं फुकट आहे. इथे प्रत्येक पानाला भाडं आहे. भाडं किती ते न विचारता तू बसमध्ये चढतेस."

मग तिने गच्चीच्या कठड्यावर कपड्यांचे चिमटे मांडून मला समजावलं. एका रंगाची तेरा पानं. चार दिसतायत, नऊ राहिली. चार पानं उघडल्यावर मला न दिसणारी एकूण सेहेचाळीस. त्या सेहेचाळीसमधलं एक येणार. म्हणजे साधारण पाचात एकदा माझं काम होणार. तेव्हा एक चिंचोका टाकायचा तर मधे निदान चार पडलेले असायला हवेत, नाहीतर वाट बघणं महाग आहे. तीनच पानं उघडली असतील आणि दोन यायची असतील तर तिनात एकदा, पण तेव्हाही पुढच्या पानाला पुन्हा भाडं मागतील हे लक्षात ठेवायचं. आणखी एक तिने सांगितलं. चार पानं घेऊन नेहमी दुसरीच्या बोलीमागे जायला नको. कधी आपणच बोली लावावी. समोरची घाबरून पानं ठेवून डावातून उठली तर पाचव्या पानाची गरजच नाही. हे सांगून ती थांबली आणि म्हणाली, "पण या दोघी घाबरत नाहीत. वीस रुपयांसाठी कोण घाबरतं?"

मला ते समजलं, पण पटलं नाही. माझं असंच होतं. पुस्तकातलंही मला समजतं आणि मग पटायला आठवडा लागतो. म्हणून मी पत्त्यांचा जोड मागून घेतला आणि रोज पहाटे जिन्यात अभ्यासाआधी एक काम करायला लागले. चार बदाम काढून बाजूला ठेवायचे, त्यांच्यासोबत दुसरी दोन पानं, बाकीचे पिसायचे आणि वरचं एक उघडायचं. बदाम आला तर वहीच्या मागच्या पानावर एका बाजूला रेघ, नाही आला तर दुसऱ्या बाजूला. दूधवाला रोज विचारायचा, मॅडम, पडला का. तीन दिवसांत शंभर रेघा झाल्या. न आल्याच्या रेघांनी पान भरलं होतं आणि आल्याच्या रेघा एका कोपऱ्यात बसल्या होत्या. ते बघून मला जरा वाईट वाटलं. इतके दिवस मी ज्याची वाट बघत होते ते जवळजवळ कधीच यायचं नव्हतं, आणि मला आठवत राहिले होते ते फक्त आलेले दिवस.

तरीही पानं खाली ठेवायचा विचार केला की काकूचा चेहरा डोळ्यांपुढे यायचा. शेवटी शनिवारी मी आईला फोन केला. नापास झाल्याचं या वेळीही सांगितलं नाही, पण कॉटचं सांगितलं, खेळाचं सांगितलं आणि हळूच विचारलं की डाव चालू असताना पानं खाली ठेवली तर चालेल का. आईला आधी वाटलं मी पैसे लावून बसते. चुरमुरीचं सांगितल्यावर ती शांत झाली. पलीकडे यंत्राचा आवाज येत होता. त्यावरून ती मोठ्याने म्हणाली, "तुमच्या हॉस्टेलात दररोज पाडवा असतोय का गं? ठेव की मग."

एवढंच. मी उगाच महिनाभर वाट बघितली होती.

रविवारी जेवण झाल्यावर अक्काने तिच्या कॉटवरची गादी गुंडाळली आणि कॉटच्या नुसत्या लाकडावर चादर पसरली. ज्या कॉटसाठी खेळायचं तिच्यावरच बसून खेळायचं, असं ती म्हणाली. तीन ढीग, प्रत्येकी पन्नास चिंचोके. आंटीही बघायला येऊन दारात उभी राहिली. कॉटच्या भांडणात पडणार नाही म्हणाली होती, पण बघायला हरकत नव्हती.

सुरुवातीचे डाव किरकोळ गेले. मग मला इस्पिकची नव्वी आणि अठ्ठी आली. तिघींनी चार चार चिंचोके टाकले. मधे पडली इस्पिकचा राजा, इस्पिकची चौकी आणि चौकटची राणी. माझे चार इस्पिक झाले. मी मांडी घातली नाही, पाय सरळच ठेवले, पण कान गरम झाले. कुणी बोली लावली नाही. चौथं पान बदामाची दुर्री. आता बंगळूरवालीने वीस चिंचोके मोजून पुढे सरकवले आणि माझ्याकडे बघितलं.

मधे बारा होते, तिचे वीस, एकूण बत्तीस. माझे वीस जाणार, आणि पाचात एकदा येणार. भाडं फारच होतं. हा हिशोब मी दोन श्वासांत केला, आणि मग दहा मिनिटं झाल्यासारखं वाटलं तेवढा वेळ मी ती दोन पानं हातात धरून बसले. नाशिकवाली म्हणाली, "टाक गं, तुला कुठे विचार करायचा असतो?"

मी पानं खाली ठेवली.

मग नाशिकवालीने पुढे वाकून ती पानं खरंच खाली आहेत का ते बघितलं. तिने स्वतः वीस टाकले, कारण तिच्यापाशी राजा आणि राणी होती, मधल्या राजा-राणीला जोड. अक्काने पाचवं पान उघडलं. इस्पिकची तिर्री.

माझ्या तोंडून "अय्यो" निघालं आणि सगळ्यांना कळलं. बंगळूरवाली उताणी पडून हसायला लागली. नाशिकवालीने डाव जिंकला आणि चिंचोके ओढता ओढता माझ्या पाठीवर थोपटलं. मी पण हसत होते, पण डोळ्यांत पाणी आलं होतं हे खरं. शंभरातल्या त्या कोपऱ्यातल्या रेघांपैकी एक आजच यायची होती. मी अक्काकडे बघितलं. ती पत्ते पिसत होती. मान वर न करता तिने फक्त डोकं हलवलं, बरोबर होतं अशा अर्थाने. त्या एका डोकं हलवण्यावर मी पुढचा तासभर खेळले.

आणि काय झालं, त्या डावानंतर त्या दोघी माझ्याशी जपून खेळायला लागल्या. मी पानं खाली ठेवू शकते हे त्यांना नवीन होतं. आता मी डावात राहिले की त्यांना वाटायचं काहीतरी आहे. मीही नसताना राहिले नाही. मला दोन जोड्या लागल्या तेव्हा बंगळूरवालीने उरलेले सगळे चिंचोके माझ्यासमोर ढकलले, हरली, आणि फोन घेऊन तिथेच खिडकीत जाऊन बसली. रेंज आहे तोवर वापरून घेते म्हणाली.

आम्ही दोघी उरलो. साडेचार वाजत आले होते. माझ्यापाशी ऐंशी, तिच्यापाशी सत्तर. ती केस मोकळे सोडून उन्हात बसली होती, जणू कॉट आत्ताच तिची झाली होती.

मला बदामाचा एक्का आणि बदामाची छक्की आली. दोघींनी चार चार टाकले. अक्काने तीन पानं उघडली. किलवरची राणी, बदामाची नव्वी, बदामाची दुर्री.

चार बदाम. नाशिकवालीने आठ चिंचोके पुढे सारले.

तिच्यापाशी राणी असणार हे मला दिसत होतं. तिला चांगलं पान आलं की ती केस कानामागे सारते. मी हिशोब केला. नऊ बदाम माझे. शिवाय तीन एक्के, कारण एक्क्यांची जोडी राणीच्या जोडीवर भारी. बारा पानं, आणि अजून दोन उघडायची. हे पाचात एकदा नव्हतं. हे जवळजवळ अर्धं-अर्धं होतं. आणि अक्काचं ते गच्चीवरचं आठवलं. मागून जायचं नाही, आपणच पुढे व्हायचं. महिनाभर मी बदाम घेऊन नुसती मागे मागे गेले होते, हे या मुलीला माझ्याइतकंच माहीत होतं. मी स्वतःहून सगळं पुढे केलं तर तिला वाटेल माझ्यापाशी नव्वीची जोडी, दुर्रीची जोडी, असं काहीतरी तयार आहे. ती उठेल.

मी दोन्ही हातांनी सगळा ढीग पुढे ढकलला. दोन चिंचोके चादरीवरून खाली पडले आणि आंटीने ते उचलून परत ठेवले.

नाशिकवालीने खूप वेळ विचार केला. ती मोठ्यानेच विचार करत होती. "बदाम असते तर तू नुसती मागे आली असतीस. नळ टिपकतो तशी, एक एक चिंचोका टाकत. मग तुझ्याकडे बदाम नाहीत. मग काय आहे? दोन जोड्या? मग मी उठायला पाहिजे." ती पानं खाली ठेवायला वाकलीसुद्धा. तिला जसं वाटावं म्हणून मी हे सगळं केलं होतं, अगदी तसंच तिला वाटत होतं. मग तिने पानं परत उचलली आणि केस मागे टाकले. "पण बघायला तर पाहिजे ना," ती म्हणाली, आणि सगळे पुढे सारले.

मी सगळ्याचा विचार केला होता, फक्त समोर कोण बसलं आहे याचा नाही. ही मुलगी महिनाभरात कुणाला घाबरून एकदाही उठली नव्हती. अक्का म्हणालीच होती.

आम्ही पानं उघडी केली. तिची राणी होती. माझे बदाम बघून तिने कपाळाला हात लावला आणि मला म्हणाली, "अगं, तू फसवायला कधी शिकलीस?" बंगळूरवाली फोन बंद करून आली. अक्काने चौथं पान उघडलं. किलवरची सत्ती. काही नाही. आता पुन्हा जिन्यात, पुन्हा दूधवाला, असं माझ्या मनात आलं. हरले असते तर माझ्यापाशी दहा चिंचोके उरले असते, आणि दहा चिंचोक्यांनी तिच्यासमोर कोण टिकतं. अक्का शेवटचं पान उघडायच्या आधी थांबली नाही, ते मला बरं वाटलं.

किलवरचा एक्का.

एक क्षण कुणालाच कळलं नाही. सगळ्या बदाम शोधत होत्या. मीही. बदाम आला नाही म्हणून मी उठायला लागले, तेव्हा अक्काने माझं मनगट धरून खाली बसवलं आणि माझा एक्का त्या एक्क्याशेजारी नेऊन ठेवला.

बंगळूरवालीने टाळ्या वाजवल्या. नाशिकवाली पानांकडे बघत राहिली आणि मग म्हणाली की ज्या रंगासाठी मुलगी महिनाभर जीव टाकत होती तो आलाच नाही आणि कॉट मात्र घेऊन गेली. तिला राग आलेला नव्हता. थोडा आला असेल तर तो चुरमुरीबरोबर गेला. त्या संध्याकाळी चुरमुरी आणायला पहिल्यांदाच मी गेले, आणि दुकानदाराला कांदा जास्त घाल हे सांगायचं विसरले, त्यावरून पुन्हा ऐकून घेतलं.

खाताना बंगळूरवालीने विचारलं की तुला ती कॉट कशासाठी हवी होती, तू बोललीच नाहीस. आता सांगायला सोपं होतं. मी म्हटलं प्लगसाठी. मग नापास झाल्याचंही सांगितलं. बंगळूरवाली म्हणाली की तीसुद्धा एका विषयात नापास आहे. नाशिकवाली म्हणाली, "हे आधी सांगितलं असतंस तर मी कॉट सोडली असती." थोडा विचार करून ती म्हणाली, "नसती सोडली. पण विचार केला असता."

त्या रात्री झोपण्याआधी मी आईला फोन करून दोन्ही सांगितलं, कॉटचं आणि परीक्षेचं. ती परीक्षेवर काही फार बोलली नाही. पुढची कधी आहे एवढं विचारलं.

बुधवारी अक्का गेली. गुरुवारी पहाटे पाचला मी खिडकीजवळच्या कॉटवर उठून बसले, फळीवर पुस्तकं लावली, नवा टेबल लॅम्प प्लगमध्ये घातला आणि बटण दाबलं. हुणसूर रस्त्यावरून बैलकुप्प्याकडे जाणारी पहिली बस गेली. तिच्यात तिथल्या मठातले, लाल कपड्यांतले दोन तिबेटी भिक्षू खिडकीला डोकं टेकून झोपले होते. मी पुस्तक उघडलं.

"बंद कर तो दिवा," पलीकडच्या कॉटवरून नाशिकवाली म्हणाली. लॅम्पचा उजेड सरळ तिच्या तोंडावर पडत होता. हे मात्र मी धरलंच नव्हतं.

माझा हात बटणाकडे गेला. आधीची मी असते तर दिवा बंद करून, पुस्तक घेऊन जिन्यात गेले असते आणि तिला वाईटही वाटू दिलं नसतं. मी हात मागे घेतला. लॅम्पची मान जरा भिंतीकडे वळवली. उजेड तिच्या तोंडावरून खांद्यावर आला.

"थोडं चालवून घे गं," मी म्हटलं. "परीक्षा आहे."

मग पांघरुणातून आवाज आला, "किती वाजेपर्यंत?"

"साडेसहा."

"सहा."

"सव्वासहा."

"बरं," ती म्हणाली, आणि पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.